दुष्काळाने घर हिरावलं, दुष्काळातच दोन हजार जणींचं घर उभं राहिलं : पंडिता रमाबाईंची गोष्ट

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वेने निघालं की दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचं स्टेशन लागतं. बऱ्याच गाड्या इथे थांबतही नाहीत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे नाव लंडन, बोस्टन आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं होतं. कारण या गावाच्या माळावर एका बाईने दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी वसाहत उभी केली होती. १९०० साली तिथे जवळपास दोन हजार जणी राहत होत्या.

त्या बाईचं नाव पंडिता रमाबाई.

संकटात देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल, हे वाक्य आपण रोज कुठे ना कुठे वाचतो. सकाळच्या मेसेजमध्ये, स्टेटसवर, रीलवर. पण विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं, की आणखी काही? रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा दुष्काळाच्या रूपाने आला. पहिल्या दुष्काळात त्यांचं घर गेलं. दुसऱ्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना घर दिलं. या दोन दुष्काळांच्या मधल्या वीसेक वर्षांत काय घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

बायकोला संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. ठिकाण गंगामूळ, आजच्या कर्नाटकातलं सह्याद्रीच्या जंगलातलं एक स्थळ. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान, चित्पावन ब्राह्मण, आचारविचाराने कडक. पण एका बाबतीत ते काळाच्या फार पुढे होते. बायकांनी संस्कृत शिकावं असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना स्वतः शिकवलं. यावरून पंडितांनी त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी शास्त्रांचे आधार काढून उत्तर दिलं, पण शिकवणं सोडलं नाही.

जंगलातल्या त्यांच्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. आल्या-गेल्याचं आतिथ्य करता करता पैसा संपला, कर्ज झालं आणि कुटुंब तिथून बाहेर पडलं. त्या वेळी रमा काही महिन्यांची होती. तिला वेताच्या टोपलीत घालून डोंगरातून खाली आणलं गेलं.

पुढची कितीतरी वर्षं हे कुटुंब एका तीर्थक्षेत्रावरून दुसऱ्या तीर्थक्षेत्राला फिरत राहिलं. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं. रमेला शाळा माहीत नव्हती. पहाटे आई शिकवायची तेवढंच शिक्षण. त्या जोरावर तिला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

पहिला दुष्काळ

१८७० च्या दशकात दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं दगावली. डोंगरे कुटुंबही त्यात सापडलं.

या कुटुंबाची देवावर श्रद्धा नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही. उलट, जे काही होतं ते त्यांनी देवाच्याच पायाशी ठेवलं. उपास केले, अनुष्ठानं केली, ब्राह्मणांना दानं दिली. पैसे संपले तसे दागिने गेले, भांडी गेली, चांगले कपडे गेले. देव कृपा करील आणि दिवस पालटतील, ही वाट पाहणं सुरूच होतं. मजुरी करायची तर ती कधी केलेली नव्हती. भीक मागायची तर मन तयार होत नव्हतं. संस्कृतची विद्या घरात भरपूर होती, पण पोट भरणारं एकही काम कोणाला येत नव्हतं.

शेवटी झाडपाला आणि रानातली फळं खायची वेळ आली. वृद्ध वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण दया येऊन पुढे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने कमी, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

आता उरले दोघं. भाऊ आणि बहीण पायी निघाले. श्रीनिवासला मध्ये महिना चार रुपयांचं काम मिळालं, तेव्हा भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ यावर दिवस निघत. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे करून दोघं त्यात झोपली आणि वाळूच अंगावर ओढून घेतली. असं करत त्यांनी हजारो मैल पायी तुडवले.

या काळात रमाबाईंची लहानपणापासूनची श्रद्धा हळूहळू ढासळली. जे सांगितलं ते सगळं करूनही आई-वडील उपाशी मेले होते. देव आहे का, यापेक्षा आपण देवाबद्दल जे शिकलो ते खरं होतं का, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

पंडिता, पत्नी, विधवा

१८७८ साली हे दोघं कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, भागवत मुखोद्गत म्हणते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बंगालमध्ये तिची व्याख्यानं होऊ लागली.

चांगले दिवस आले असं वाटत असतानाच १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे नातेवाइकांनी आणि समाजाने दोघांना वाळीत टाकलं. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले.

वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गमावले होते. हातात दहा महिन्यांची मुलगी होती.

पुणे, इंग्लंड आणि एक वादळी निर्णय

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता बंद झाला. आणखी एक दार मिटलं.

इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. तिथल्या जोगिणी समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या बायकांना आसरा देतात, त्यांना माणूस म्हणून वागवतात, हे पाहून त्या हलल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावरून गदारोळ झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली.

इथे एक गोष्ट अनेकदा सुटून जाते. धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी विचार करणं थांबवलं नाही. चर्चची अमुक शिकवण मी डोळे मिटून का मानावी, यावरून त्यांचा वाँटेजच्या जोगिणींशी पत्रांतून लांबलचक वाद चालला. त्या शाकाहारी राहिल्या, नऊवारी साडी सोडली नाही. एकदा जे मानलं ते तपासल्याशिवाय त्यांनी पुन्हा कधी काही मानलं नाही. आपली श्रद्धा आतून पक्की झाली ती बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

शारदा सदन उभं राहिलं आणि रिकामंही झालं

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या अवस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते आपल्या आईला अर्पण केलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन ही संस्था निघाली. भारतात बालविधवांसाठी शाळा चालवायला दहा वर्षं पैसे देण्याचं या संस्थेने ठरवलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. वर्षा-दीड वर्षात सदन पुण्याला आलं.

१८९३ मध्ये पुन्हा वादळ उठलं. शाळेत धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. शाळेच्या नावाखाली धर्मांतर चाललं आहे, अशी टीका केसरीने लावून धरली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी वीसहून जास्त मुली काढून नेल्या.

या वादाला दोन बाजू होत्या. मुली अल्पवयीन होत्या आणि पालकांनी शाळा धर्मनिरपेक्ष समजून त्या पाठवल्या होत्या, ही टीकाकारांची तक्रार पोकळ नव्हती. स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना लपून का करायची, हा रमाबाईंचा प्रश्नही पोकळ नव्हता. नुकसान मात्र त्या मुलींचं झालं. त्यांतल्या अनेक पुन्हा त्याच घरांत गेल्या, जिथे त्यांचं केस काढलेलं डोकं अपशकुन मानलं जात होतं.

माळावरची बाग

बोस्टनच्या मदतीची दहा वर्षं १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर काय? रमाबाईंनी डोकं चालवलं आणि केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. विहिरी खोदल्या, झाडं लावली.

झाडांना फळ यायला वेळ होता. त्याआधी आला दुष्काळ.

१८९६ मध्ये मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. माणसं उपाशी मरत आहेत, अनाथ मुली रस्त्यावर आहेत, मदत छावण्यांभोवती त्यांना पळवून नेणारे दलाल फिरत आहेत. रमाबाईंना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः त्याच जागी होत्या.

प्रश्न पैशाचा होता. बोस्टनचा पैसा शारदा सदनासाठी होता, दुष्काळग्रस्तांसाठी नव्हे. नवी माणसं आणली तर खायला काय घालायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या. देवाने एवढ्यांना जगवायचं ठरवलं असेल तर तो सोय करील, ही त्यांची धारणा. आणि ती सोय होईपर्यंत जे हाताशी आहे ते घेऊन कामाला लागायचं, ही त्यांची पद्धत. त्या खेपेला सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या.

तेवढ्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. शहरात एवढी माणसं एकत्र ठेवायला मनाई झाली. जाणार कुठे? केडगावला. जिथे फक्त बाग असणार होती, तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. बागेसाठी खोदलेल्या विहिरी माणसांच्या कामी आल्या. वस्तीला नाव मिळालं मुक्ती.

प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे कसे हाल होतात, याबद्दल रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये सरकारला धारेवर धरणारं पत्र लिहिलं. त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. देवावर भरवसा ठेवणाऱ्या या बाईने सरकारला जाब विचारणं सोडलं नव्हतं.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड, राजपुताना होरपळले. मुक्तीतल्या बायकाच आता मुली आणायला बाहेर पडल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना उचलून आणलं होतं, त्या इतरांना आणत होत्या. वस्तीतल्या माणसांची संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. सगळ्याच जगल्या नाहीत. येतानाच अनेकींची हाडं-कातडी झालेली असत, रोग जडलेले असत. काहींना उशीर झाला होता.

विद्या होती, काम येत नव्हतं

मुक्तीत काय चालायचं ते पाहिलं की रमाबाई पहिल्या दुष्काळातून काय शिकल्या होत्या ते दिसतं.

आपल्या घरात विद्या होती, पण पोट भरेल असं काम कोणाला येत नव्हतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तीत प्रत्येक मुलीला अक्षरं आणि काम, दोन्ही शिकावं लागे. कोणी मागावर बसे, कोणी तेल काढे, कोणी गाईंचं दूध काढे, कोणी शेतात काम करी, कोणी पाव भाजी, कोणी शिवण करी. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत कामं बायका करत. दृष्टिहीन मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन हे वेगळं घर होतं. या घराची कल्पना त्यांनी इंग्लंडमध्ये पाहिलेल्या कामातून घेतली होती.

ठरलेली वार्षिक देणगी या सगळ्यामागे नव्हती. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून लोक थोडंथोडं पाठवत. कधी पैसे वेळेवर येत, कधी ताटात कमी पडे. पहाटे प्रार्थना व्हायची आणि त्यानंतर दिवसभर दोन हजार माणसांचा पाणी, पीठ, सरपण यांचा हिशोब चालायचा. रमाबाईंच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. पाऊस पाडणं आपल्या हातात नाही, विहीर खोदणं आहे, असा तो साधा भेद होता.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची पंधरा-सतरा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी मुक्तीतल्या खेड्यातून आलेल्या बायकांना कळत नव्हती. म्हणून लहानपणी संस्कृत पाठ करणाऱ्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच केली.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संस्थेची पुढची धुरा वाहायला मनोरमा तयार झाली होती. आणि जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाही गेली.

सगळ्यांना गमावल्यावर जिच्यासाठी जगल्या ती मुलगी गेली, त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, तब्येत खालावलेली होती. या वेळी श्रद्धा ढासळली नाही आणि कामही थांबलं नाही. भाषांतराची मुद्रितं तपासणं सुरू राहिलं. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

मग विश्वास म्हणजे काय?

रमाबाईंचा धर्म प्रत्येकाला पटेल असं नाही. त्यांच्या हयातीतही तो अनेकांना पटला नव्हता. धर्मांतरामुळे मराठी समाजाने त्यांना कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांच्या आणि सुधारकांच्या यादीत कोपऱ्यात ठेवलं. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, तोवर त्यांच्या मृत्यूला सदुसष्ट वर्षं झाली होती.

पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसालाही समजू शकते. वाढ त्यांच्या आयुष्यात सुकाळात झाली नाही. मुंबई-पुण्यात नावाजलेल्या लोकांचा पाठिंबा होता तेव्हा शाळेत मोजक्या मुली होत्या. पाठिंबा गेला, पैशाची मुदत संपत आली, दुष्काळ आला, प्लेग आला आणि तेव्हा तीच शाळा दोन हजारांचं गाव झाली. त्यांनी योजना आखली होती फळबागेची. उगवलं ते वेगळंच.

ते उगवू शकलं, कारण जमीन आधी घेतलेली होती आणि विहिरी आधी खोदलेल्या होत्या. केडगावची मुक्ती मिशन ही संस्था आजही निराधार बायका आणि मुलांसाठी काम करते.